हट्टी चुंबक हवा, पण किती हट्टी?

कॉम्प्युटर चालू असताना वीज गेली की रॅममधलं सगळं नाहीसं होतं. तिथे प्रत्येक बिट (माहितीचा एक ० किंवा १) म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये भरलेला विद्युतभार. तो इतक्या झपाट्याने झिरपतो की सेकंदाला अनेकदा पुन्हा भरत राहावं लागतं. हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी. ती काढून कपाटात ठेवा, दोन-तीन पावसाळे जाऊ द्या, मग पुन्हा जोडा. मुंजीचे फोटो जिथल्या तिथे असतात. मधल्या काळात तिला वीज अजिबात मिळालेली नसते. मग ती माहिती धरून कोण ठेवतं?

धरून ठेवतं ते चुंबकत्व. आणि त्यामागचा सगळा खटाटोप एका प्रश्नाभोवती फिरतो: पदार्थाने आपली चुंबकीय दिशा किती हट्टाने धरून ठेवावी? फार हट्टी असेल तर त्यावर लिहिताच येत नाही, फार मवाळ असेल तर लिहिलेलं टिकत नाही. स्टीलच्या तारेपासून आजच्या ३० टेराबाइटच्या डिस्कपर्यंत, सव्वाशे वर्षं माणसं याच प्रश्नाशी झगडत आली आहेत.

इंदूरमध्ये राहणाऱ्यांनी तर हा विषय आवर्जून समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. खंडवा रोडवरच्या विद्यापीठ परिसरात यूजीसी-डीएई कन्सोर्शियम ही संशोधन संस्था आहे. चुंबकीय पदार्थांच्या अतिपातळ थरांवर तिथे वर्षानुवर्षं काम चालतं. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातलं इंडस-२ हे यंत्रही याच शहरात आहे, त्याच्याकडे पुढे येऊच. आपण रोज या संस्थांच्या फाटकांवरून जातो आणि आत काय चालतं हे मुलांना सांगता येत नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

सुरुवात इलेक्ट्रॉनपासून. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने राहतात, जोडीतले दोघे उलट दिशांना तोंड करून असतात आणि एकमेकांचं चुंबकत्व रद्द करतात. तांबं, लाकूड, प्लास्टिक चुंबकाला चिकटत नाही ते यामुळे. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल यांच्या अणूंत काही इलेक्ट्रॉन बिनजोडीचे राहतात. पण तेवढ्याने भागत नाही, बिनजोडीचे इलेक्ट्रॉन इतरही अनेक मूलद्रव्यांत असतात. या तिघांचं वैशिष्ट्य असं की शेजारशेजारच्या अणूंमधले हे इलेक्ट्रॉन एकाच दिशेला तोंड करून राहिले तर त्यांची ऊर्जा कमी होते, म्हणून ते आपणहून एका रांगेत येतात. या शिस्तीचं मूळ इलेक्ट्रॉनांमधल्या विद्युत अपकर्षणात आणि क्वांटम नियमांत आहे, म्हणूनच ती इतकी पक्की असते. लोखंड ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं, तेव्हा कुठे उष्णतेची धुसफूस ती मोडते. कोबाल्टला तर ११०० अंशांच्याही वर न्यावं लागतं.

मग घरातला साधा खिळा चुंबक का नसतो? याचं उत्तर पिएर वाइस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये दिलं. लोखंडाच्या आत छोटे छोटे प्रदेश असतात, त्यांना डोमेन म्हणतात. एका डोमेनच्या आत सगळे अणू एका दिशेला, पण शेजारच्या डोमेनची दिशा निराळी. सगळ्यांची बेरीज शून्याच्या जवळ येते. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की त्या दिशेचे डोमेन वाढतात आणि खिळा चुंबक होतो. क्षेत्र काढून घेतलं की नरम लोखंड जवळजवळ पूर्वपदावर येतं. कडक स्टील मात्र येत नाही. त्याच्या आतल्या त्रुटी, कणांच्या सीमा, परके अणू हे डोमेनच्या भिंतींना अडकवून ठेवतात, आणि त्या भिंती मागे सरकायला तयार होत नाहीत. त्याचं चुंबकत्व मोडून काढायला उलट दिशेचं जेवढं क्षेत्र लावावं लागतं त्याला कोअर्सिव्हिटी म्हणतात. मी ज्याला हट्ट म्हणते आहे तो हाच. पदार्थाची आत्ताची स्थिती आधी त्याच्यावर काय गुदरलं त्यावर ठरते, हे इथे पहिल्यांदा दिसतं, आणि साठवण म्हणजे दुसरं काय?

डोमेनचं स्पष्टीकरण यायच्या आधीच, स्टीलचा हा गुण ओळखून डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेनने १८९८ मध्ये स्टीलच्या तारेवर आवाज साठवला. मायक्रोफोनचा प्रवाह विद्युतचुंबकात सोडायचा, त्याच्यासमोरून तार सरकवायची. तारेचा प्रत्येक तुकडा त्या क्षणीच्या प्रवाहाइतका चुंबकित होऊन पुढे जातो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने हे यंत्र मांडलं. पण तार जड, गुंता होणारी. १९२८ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉइमरने कागदाच्या पट्टीवर लोखंडी चूर्णाचा लेप देऊन टेप बनवली. पुढे कागदाच्या जागी प्लास्टिक आलं आणि शुद्ध लोखंडाऐवजी आयर्न ऑक्साइडचे सुईसारखे कण आले. आपल्या कॅसेटमधल्या फितीचा तपकिरी रंग त्या ऑक्साइडचा. लांबट आकारामुळे असा कण लांबीच्या दिशेनेच चुंबकित राहायला बघतो, आडवा वळायला नाखूश असतो. म्हणजे हट्ट केवळ पदार्थाच्या जातीतून येत नाही, कणाच्या आकारातूनही घडवता येतो. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

कॉम्प्युटरच्या जगात टेप १९५१-५२ च्या सुमारास आली. तिची अडचण उघड होती: शेवटचं हवं असेल तर सगळी फीत गुंडाळत जायचं. म्हणून १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक हे तबकड्यांवर साठवणारं यंत्र काढलं. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १२०० फेरे, आणि एकूण क्षमता ५० लाख अक्षरं. आजच्या फोनने काढलेला एक चांगला फोटो त्यात जेमतेम मावला असता. पण हवी ती नोंद सेकंदाभरात हाती येत होती, आणि तबकडी फिरते, लिहिणारं-वाचणारं हेड सरकतं हा मूळ आराखडा आजही तोच आहे.

आता लिहिण्या-वाचण्याकडे. लिहिणारं हेड म्हणजे नरम चुंबकीय पदार्थाचा गाभा आणि त्याभोवती तारेचे वेढे. इथे हट्ट अजिबात नको. हेडने प्रवाहाबरोबर सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलली पाहिजे, आणि त्याच्याखालच्या तबकडीने मात्र ती दिशा वर्षानुवर्षं जपली पाहिजे. दोन विरुद्ध स्वभावांचे पदार्थ एकमेकांपासून काही नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) काम करतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कची कडा ताशी १२५ किलोमीटरच्या आसपास वेगाने हेडखालून जाते, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या गाडीपेक्षाही जोरात.

एक गोष्ट बऱ्याचदा अर्धवट सांगितली जाते. चुंबकाचं तोंड एका बाजूला म्हणजे १ आणि दुसऱ्या बाजूला म्हणजे ०, असं. जुन्या डिस्क आणि टेपमध्ये तसं नव्हतं. तिथे वाचणारं हेड म्हणजे तारेचं वेटोळं होतं, आणि फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे वेटोळ्यात वीज निर्माण होते ती चुंबकीय क्षेत्र बदलतं तेव्हाच. म्हणून दिशा पालटली ती जागा म्हणजे १, आणि पालटली नाही तर ०. यातून आणखी एक पेच निघतो. ओळीने खूप शून्यं आली तर हेडला काहीच ऐकू येत नाही आणि किती शून्यं गेली याचा हिशेब चुकतो. त्यामुळे माहिती जशीच्या तशी न लिहिता, ठरावीक अंतराने पालट येईलच अशा सांकेतिक रूपात लिहितात. आजच्या डिस्कमध्ये तर लगतच्या बिटांचे सिग्नल एकमेकांत मिसळून जातात. एकेक बिट सुटा ओळखता येत नाही. चिप त्या मिसळलेल्या लहरीवरून सर्वांत संभाव्य क्रम कोणता ते काढते आणि चूक पकडण्यासाठी सोबत लिहिलेल्या जादा बिटांशी ताडून बघते. फाइल उघडते तेव्हा तिच्यामागे एवढा तर्क झालेला असतो.

आधुनिक तबकडी काचेची किंवा ॲल्युमिनियमची असते. तिच्यावर कोबाल्ट, क्रोमियम आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूचा थर, आणि तो थर सुमारे ८ नॅनोमीटरच्या कणांचा बनलेला. दोन कणांमध्ये ऑक्साइडची बारीक भिंत असते, म्हणजे एक कण फिरला तरी शेजारी त्याच्यामागे ओढला जात नाही. एका बिटाच्या वाट्याला असे दहाच्या आसपास कण येतात. दाराशी रांगोळी काढताना भरड चुरा वापरला तर रेघेची कड दातेरी येते, पीठ बारीक असेल तर कड सुबक येते. बिटांच्या सीमेचंही तसंच. कण जितके बारीक, तितकी सीमा रेखीव आणि तितके बिट जवळजवळ बसवता येतात. आज एका चौरस इंचात एक लाख कोटी बिट बसतात. रॅमॅकमध्ये साधारण दोन हजार बसत होते.

बिट लहान झाला की त्याचं चुंबकीय क्षेत्रही क्षीण होतं, आणि तारेच्या वेटोळ्याला ते जाणवेनासं होतं. इथे १९८८ चा एक शोध कामी आला. फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्र्युनबर्ग यांना स्वतंत्रपणे आढळलं की लोखंड आणि क्रोमियम यांचे नॅनोमीटरभर जाडीचे थर एकावर एक रचले तर त्यांचा विद्युतरोध चुंबकीय क्षेत्राने अनपेक्षितपणे खूप बदलतो. लोखंडाच्या दोन थरांची दिशा एक असेल तर वीज सहज वाहते, उलट असेल तर अडते, कारण इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या चुंबकीय दिशेवर त्याला वाट मिळणार की नाही हे ठरतं. अवघ्या नऊ वर्षांत, १९९७ मध्ये, या तत्त्वावरचं हेड आयबीएमच्या हार्ड डिस्कमध्ये आलं. २००७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मूलभूत संशोधनातून काय मिळतं असं विचारणाऱ्यांना मी नेहमी हेच उदाहरण देते.

एवढ्या पातळ थरात चुंबकत्व नेमकं कुठे आणि किती आहे हे कसं कळणार? त्यासाठी इंडस-२ सारखं यंत्र लागतं. १७२ मीटर परिघाच्या वर्तुळात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात. त्यांना वळवण्याचं काम मोठाले विद्युतचुंबक करतात, आणि वळताना इलेक्ट्रॉन क्ष-किरण बाहेर टाकतात. या किरणांची ऊर्जा बारकाईने निवडता येते. ती लोखंडाच्या अणूला जुळवली की फक्त लोखंड प्रतिसाद देतं, कोबाल्टला जुळवली की फक्त कोबाल्ट. त्यातही गोलाकार ध्रुवीकरण असलेले, म्हणजे ज्यांचं विद्युत क्षेत्र पुढे जाताना फिरकी घेतं असे, किरण चुंबकाच्या दिशेनुसार कमी-अधिक शोषले जातात. म्हणजे सँडविचसारख्या रचलेल्या थरांतल्या प्रत्येक धातूला वेगवेगळं विचारता येतं, तुझी दिशा कोणती? जगभरच्या अशा केंद्रांत ही पद्धत वापरली जाते.

आता सर्वांत अवघड भागाकडे. कण बारीक करत जा, म्हणजे झालं, असं वाटेल. तसं होत नाही. खोलीच्या साध्या तापमानालाही अणू सतत हलत असतात, आणि ही हालचाल प्रत्येक कणाला उलटं फिरवायला बघत असते. कण टिकून राहतो कारण उलटं होण्यासाठी त्याला ऊर्जेचा एक बांध ओलांडावा लागतो. बांधाची उंची दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: पदार्थाचा हट्ट आणि कणाचं घनफळ. हा बांध उष्णतेच्या धक्क्याच्या किती पट आहे, ती संख्या महत्त्वाची. ती ६० असेल तर कण आपणहून उलटायला काही अब्ज वर्षं लागतात. ४० असेल तर सात-आठ वर्षं. ३० असेल तर जेमतेम तीन तास. २० असेल तर अर्धा सेकंद. आकडे पुन्हा वाचा, कारण सगळी गंमत तिथेच आहे. एखादा कण सगळ्या बाजूंनी फक्त २० टक्क्यांनी लहान केला तर त्याचं घनफळ निम्म्यावर येतं, संख्या ६० वरून ३१ च्या खाली येते, आणि अब्जावधी वर्षं टिकणारी नोंद त्याच दिवशी पुसट होऊ लागते. ही घसरण हळूहळू होत नाही, कडा कोसळावा तशी होते.

उपाय सरळ दिसतो: घनफळ कमी झालं तर हट्ट वाढवा. पण हट्ट वाढवला की हेडच्या चुंबकाला तो कण फिरवता येत नाही, आणि हेडच्या ताकदीला पदार्थाने घातलेली मर्यादा आहे. बारीक कण, टिकाऊ नोंद आणि लिहिण्याजोगा मवाळपणा या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. पहिली सुटका दिशा बदलून झाली. आधी बिट तबकडीच्या पृष्ठभागावर आडवे निजलेले असत. ते उभे केले, खाली नरम चुंबकीय थर घातला, तर हेडचं क्षेत्र जास्त जोरात पोचतं. जपानच्या शुनिची इवासाकी यांनी १९७० च्या दशकापासून हे मांडलं होतं, बाजारात ते २००५ मध्ये आलं.

दुसरी सुटका अधिक धाडसी आहे. लोखंड आणि प्लॅटिनमच्या एका मिश्रधातूचा हट्ट इतका जबर की तीन-चार नॅनोमीटरचा कणही टिकतो, पण थंड असताना त्यावर कुठलंही हेड लिहू शकत नाही. म्हणून लिहिण्याच्या क्षणी हेडवरच्या सूक्ष्म लेसरने तेवढाच ठिपका ४०० अंशांच्या वर तापवतात. उष्णतेने हट्ट गळतो, हेड दिशा देतं, आणि ठिपका नॅनोसेकंदाच्या आसपास पुन्हा थंड होऊन ती दिशा पक्की करतो. सीगेट कंपनीच्या ३० टेराबाइटच्या डिस्क २०२४ मध्ये या तंत्राने आल्या.

पेन ड्राइव्ह, मोबाइल आणि एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) यांच्या साठवणीत मात्र चुंबक नाही. तिथे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात, त्यामुळे त्यांना चुंबकाची भीती नाही. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "अगं, चुंबकाने कॅसेट पुसते म्हणतात, मग तुमची हार्ड डिस्क कशी शाबूत राहते?" प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, कारण उत्तर पुन्हा हट्टातच आहे. साध्या कॅसेटची कोअर्सिव्हिटी ३०० ते ३५० ओर्स्टेड (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), हार्ड डिस्कची ५००० च्या घरात. स्पीकरवर कॅसेट रचून ठेवल्या तर आवाज बिघडू शकतो. हार्ड डिस्कच्या पेटीत मात्र हेड हलवण्यासाठी निओडायमियमचे जबरदस्त चुंबक कायमचे बसवलेले असतात, आणि तबकडीचं काही बिघडत नाही. म्हणून काय त्यावर मोठा चुंबक ठेवून बघायची गरज नाही, आतले नाजूक भाग बिघडू शकतात.

टेप संपली असं अनेकांना वाटतं. ती संपलेली नाही. २०२१ मध्ये आलेल्या एलटीओ-९ या टेप प्रकारच्या एका कार्ट्रिजमध्ये (फितीच्या बंद डबीत) सुमारे एक किलोमीटर फीत आणि १८ टेराबाइट माहिती असते. तिच्यातले बेरियम फेराइटचे कण आधीच ऑक्साइड असल्याने गंजत नाहीत. २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर चुकीने काही जीमेल खाती रिकामी झाली होती, ती गूगलने टेपवरच्या प्रतींतून परत आणली. कपाटात सुटी पडलेली टेप नेटवर्कला जोडलेली नसते, म्हणून तिकडची चूक किंवा व्हायरस तिच्यापर्यंत पोचत नाही. मोठ्या संग्रहांसाठी मला अजूनही तीच सर्वांत भरवशाची वाटते.

घरगुती कॅसेटचा विषय मला जास्त जिव्हाळ्याचा आहे. देवासला कुमार गंधर्व राहत होते, इंदूरचे उस्ताद अमीर खाँ होते. इथल्या कितीतरी मराठी घरांत मैफलींची, कीर्तनांची, आजोबांच्या आवाजातल्या पोथीची रेकॉर्डिंगं पडून आहेत. त्यांतलं चुंबकत्व बहुधा शाबूत असतं. आधी दगा देतो तो कणांना फितीवर चिकटवणारा लेप: काही टेपमध्ये तो हवेतला ओलावा शोषून चिकट होतो, आणि पावसाळ्यात बुरशी धरते ती वेगळीच. बुरशी दिसत असेल तर तशीच वाजवू नका, हेडला घाण लागते आणि पुढच्या कॅसेटही खराब होतात. आधी जाणकाराला दाखवा. बाकीच्यांसाठी प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे कान मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी वर काही लिहिलं जाणार नाही. एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, मग वाजवा. वाजत असताना कॉम्प्युटरवर नोंद डब्ल्यूएव्ही स्वरूपात करा (यात आवाज आकसला जात नाही), एमपी३ नंतर कधीही करता येते. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, दुसरी पुण्याच्या किंवा भोपाळच्या नातेवाइकाकडे. फाइलच्या नावात कोण गातंय, कुठे आणि साधारण कोणत्या साली हे आजच लिहा, ते सांगू शकणारी माणसं घरात आहेत तोवर.